रंभाबाईंच्या एकशे सव्वीस फेऱ्या

भाऊराव बोलायला लागला की चाळीतली मांजरं उठून पलीकडच्या गल्लीत जात. त्यात त्याचा दोष नव्हता. सुरतेतल्या उधन्याच्या एका लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, तो रोज बारा तास चार लूम सांभाळायचा. त्या खडखडाटात शेजारच्याला तंबाखू मागायची तर छातीतला सगळा वारा खर्च करावा लागे. तीच सवय घरी आली. "भाजीत मीठ नाही" एवढं तो बायकोला म्हणाला, तर अठरा खोल्यांतल्या अठरा बाया आपापली भाजी चाखून बघायच्या. त्यामुळे पुढे जे घडलं ते आम्हाला कान लावून ऐकावं लागलं नाही. उलट कान झाकूनही ऐकू आलं.

एकोणसत्तरच्या दिवाळीनंतर भाऊरावची आई, रंभाबाई, पारोळ्याकडच्या गावाहून पहिल्यांदा सुरतेला आल्या. भाऊराव आईचा फार. दर गुरुवारी खात्याला सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे आईला सुरत दाखवायची. पण त्याचा एक नियम होता. एखादी गोष्ट एकदा पाहिली की ती झाली. तापी पाहिली, झाली. पूल पाहिला, झाला. किल्ला बाहेरूनच दाखवला, कारण आतून दाखवला असता तर एकच किल्ला दोनदा दाखवल्यासारखं झालं असतं. रंभाबाई मान डोलवत. त्यांना त्यातलं काहीच दुसऱ्यांदा पाहावंसं वाटलं नव्हतं, म्हणून भांडण नव्हतं.

मग रेल्वे रुळांच्या पलीकडच्या मैदानात मेळा लागला.

मेळ्यात मौतका कुवा होता, माणसाला भोपळा करून दाखवणारे आरसे होते, एका तंबूत ऋषीच्या शापाने धड सापाचं झालेली नागकन्या होती. आणि मधोमध भाईदास शेठचा चकडोळ होता, म्हणजे आपला उंच पाळणा, तिमजली इमारतीएवढा. डिझेलच्या इंजिनावर चालायचा. तिकिटात सात फेऱ्या. भाऊरावने आईला आणि बायकोला, सुंदराला, त्यात बसवलं आणि स्वतः दोघींच्या चपला हातात धरून खाली उभा राहिला. आपल्याला गरगरतं, असं त्याने आधीच जाहीर केलं होतं. मैदानभर ते कळलं.

साठ वर्षांत रंभाबाई सगळ्यात उंच चढल्या होत्या त्या कडब्याच्या गंजीवर. पाळणा वर गेला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या फेरीला एक डोळा उघडला. तिसऱ्या फेरीला वरून त्यांना आमची चाळ दिसली, चाळीच्या पत्र्यावर वाळत घातलेली केशरबाईची गोधडी दिसली, रुळांवरून जाणारी मालगाडी तर खेळण्यासारखी दिसली. पाळणा खाली सुटला तशी पोटातून एक कळ वर आली आणि तिचं घशाशी येऊन हसू झालं. ते थांबेना. डोक्यावरचा पदर उडाला, तो त्यांनी उडू दिला. सुंदराला लग्नानंतर तीन वर्षांत नळ आणि बाजार सोडून दुसरी जागा माहीत नव्हती. ती सासूकडे बघून घाबरली, मग तीही हसायला लागली. खाली उतरल्या तेव्हा दोघी एकमेकींना धरून उभ्या होत्या, आणि रंभाबाई म्हणाल्या, "भाऊ, आजून एकदाव."

"पाहिलं ना माय? व्हयनं मंग."

आणि त्याने चपला पुढे ठेवल्या.

तो आठवडा रंभाबाईंनी जेवण अर्ध्यावर आणलं. गुडघे दुखतात म्हणाल्या, मग डोकं, मग जुनी दाढ. भाऊराव औषध आणायचा, त्या खिडकीत ठेवायच्या. खिडकीतून पाळण्याचं वरचं टोक दिसायचं. बुधवारी संध्याकाळी तिथेच उभं असताना त्यांना आठवलं, की पाळण्याच्या मधल्या आसावर भाईदास शेठने अंबामातेचं चित्र लावलंय. पत्र्यावर रंगवलेलं, वाघासकट. गुजराती माणूस धंद्याच्या प्रत्येक चाकाला एक देव बांधतो, तसं.

भाऊराव कामावरून आल्यावर त्यांनी विचारलं, देवळात माणूस एकदा जातो का? भाऊराव म्हणाला, देवाची गोष्ट वेगळी. तेव्हा त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "त्या पाळणाना मझार देवी शे. मी बठनू ते तिनाच आजूबाजूले फिरनू. सात फेऱ्या. आते ती प्रदक्षिणा नही ते काय?"

भाऊराव घास हातात धरून बसला. तो वर्षातून एकदा वणीच्या गडावर चालत जाणारा माणूस. मधे देवी, भोवती आई, आई फिरते आहे. यातलं काहीच त्याला खोटं म्हणता येईना. आणि मेळ्यातला पाळणा दोनदा बघायचा नसतो, पण आईची प्रदक्षिणा अडवणाऱ्याला कोणता नरक, हे त्याला तोंडपाठ होतं.

दुसऱ्या गुरुवारी चौदा फेऱ्या झाल्या. तिसऱ्या गुरुवारी एकवीस. मधल्या वेळात सासूसुनांनी भजी खाल्ली, गोटीसोडा प्यायला, आरशात स्वतःचा भोपळा बघून पुन्हा हसल्या. रंभाबाईंची दाढ, डोकं, गुडघे सगळं थांबलं. सुंदराने एकदा भीतभीत विचारलं, की आत्याबाई, देवीला हे चालतं का? रंभाबाई म्हणाल्या, देवी बाईच आहे, आणि तीही तिथे बसून तेच बघते.

इथेच थांबतं तर बरं झालं असतं. पण भाऊरावला आईचा अभिमान वाटला, आणि तो त्याने बोलून दाखवला.

शुक्रवारी सकाळपर्यंत अठरा खोल्यांना कळलं, की रंभाबाईंना पाळण्यात देवीचा साक्षात्कार झालाय आणि त्यांच्या गुडघ्यांनी सोडलंय. पहिल्यांदा केशरबाई आल्या. केशरबाई म्हणजे आमच्या चाळीतलं सगळ्यात कडक व्रत. त्यांनी हळदीकुंकवाचं ताट आणलं आणि आपणही येणार म्हणाल्या. त्यांच्या मागे दहा जणी. आणि या अकरा बायांच्या मागे बन्सीलाल.

बन्सीलाल दरवर्षी श्रावणात चाळीत पोथी वाचायचा. उरलेले अकरा महिने तो पोथीशिवाय वाचून दाखवायचा. बायका फिरणार आणि त्यांना कुणी नियम सांगितलेले नाहीत, हे त्याच्याच्याने बघवेना. त्याने रविवारी ओट्यावर बसून नियम लावले. एकवीस फेऱ्यांच्या आत उतरायचं नाही. दिवसभर उपास. चपला मैदानाच्या बाहेर. पदर डोक्यावर आणि दातात. डोळे मिटलेले, हात जोडलेले. आणि हसायचं तर मुळीच नाही, हसण्याने फेरी बाद होते.

रंभाबाईंनी विचारलं, कोणत्या पोथीत आहे हे. बन्सीलाल म्हणाला, सगळ्यांत.

चौथ्या गुरुवारी उधन्याच्या रस्त्याने तेरा अनवाणी, उपाशी बाया पाळण्याकडे निघाल्या. पुढे रंभाबाई, गळ्यात झेंडूची माळ. भाऊराव मागून चपलांचं पोतं घेऊन. भाईदास शेठने ही मिरवणूक बघितली आणि दोन्ही हात जोडले. त्याने लगेच तिकिटाच्या खिडकीपाशी नारळ फोडायला दगड मांडला, सिनेमाच्या रेकॉर्डी बंद करून आरतीची एकच रेकॉर्ड दिवसभर लावली. पाळणा चालवणारा मगन त्या दिवशी संध्याकाळी कानात कापूस घालून बसला होता. त्याला दुसरंही दुःख होतं. बाया डोळे मिटून बसायच्या, त्यामुळे पाळणा थांबला, खाली आला, तरी त्यांना पत्ता नसे. मगन प्रत्येकीच्या कानाशी जाऊन सांगायचा, "माजी, हवे तो आंख खोलो, जमीन आवी गई." वरून उधळलेलं कुंकू सगळं त्याच्यावरच पडायचं. आठवडाभर तो बोहल्यावरून पळून आल्यासारखा दिसत होता.

पाचव्या गुरुवारी केशरबाईंनी ठरवलं, की एकविसाव्या फेरीला अगदी वरून देवीला नारळ अर्पण करायचा. डोळे मिटलेले, हात जोडलेले, पदर दातात. अशा अवस्थेत नारळ धरायला माणसाला काही उरत नाही. तो सुटला, पाळण्याच्या एका दांडीवर आपटला आणि नागकन्येच्या तंबूचं कापड फाडून आत गेला.

आत वीसेक माणसं तिकीट काढून शापाची कहाणी ऐकत होती. नारळ नागकन्येच्या कानापासून वीतभर अंतरावर फुटला. नागकन्या सापाचं धड जागच्या जागी टाकून, पट्ट्यापट्ट्याचा पायजमा घालून, दोन पायांवर तंबूबाहेर पळत आली ती थेट पाळण्याच्या खांबाला येऊन बिलगली.

आता मेळा बुडाला, असं मगनला वाटलं. पण बन्सीलालने हात वर करून सांगितलं, की मातेच्या नारळाने शाप उतरला. वीसच्या वीस माणसांनी वाकून नमस्कार केला. मुलीला तिच्या मालकाने तीन दिवस सुट्टी दिली, कारण तिला पुन्हा शाप द्यायला काहीतरी कारण शोधावं लागणार होतं. पुढच्या गुरुवारी शहराच्या पलीकडून, पर्वत पाटियापासून बाया आल्या.

भाईदास शेठने गर्दी बघून पाळण्याच्या मागच्या बाजूलाही देवीचं तसंच एक चित्र लावलं, म्हणजे दोन्हीकडून दर्शन.

या सगळ्यात रंभाबाईंचा पाळणा गेला. म्हणजे पाळणा होता, त्या त्यात बसतही होत्या, सगळ्यांच्या आधी बसत होत्या. पण समोरच्या बाकावर केशरबाई एक डोळा किलकिला करून पहारा ठेवायच्या. पोटातून कळ वर यायची, ओठांशी यायची, आणि तिथून तिला परत गिळावं लागायचं. उपाशी पोटी गिळलेलं हसू फार वाईट बसतं. भजीवाल्याच्या कढईवरून वास यायचा आणि रंभाबाई डोळे मिटून हात जोडून त्या वासातून एकवीसदा जायच्या.

सातव्या गुरुवारी घरी आल्यावर त्या सुंदराला म्हणाल्या, की मी स्वतःच्या हातांनी माझ्या मेळ्याचं देऊळ केलं. देऊळ मोडलं तर भाऊराव म्हणणार, पाहिलं ना, झालं. देऊळ ठेवलं तर जन्मभर पदर दातात. होळीला मेळा उठणार होता. मधे सातच गुरुवार उरले होते, आणि रंभाबाईंना त्यातला एकही केशरबाईंच्या तोंडाकडे बघत घालवायचा नव्हता.

सुंदरा तांदूळ निवडत होती. ती सहज म्हणाली, एक विचारू का आत्याबाई. आपण समोरासमोर बसतो. तुम्ही तोंड पुढे करून जाता, केशरबाई पाठ पुढे करून जातात. मग दोघींची प्रदक्षिणा एकच कशी?

रंभाबाईंनी सुनेकडे असं पाहिलं, की तिला वाटलं आपण काही चुकलो. मग त्यांनी तिच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि म्हणाल्या, आजचे तांदूळ मी निवडते.

शुक्रवारी संध्याकाळी रंभाबाई ओट्यावर बन्सीलालसमोर जाऊन बसल्या आणि अगदी नम्रपणे त्यांनी तीच शंका विचारली. बन्सीलाल म्हणाला, सोपं आहे, बाकावर कसं बसता याला महत्त्व नाही. पाळणा घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो ना? मग सुलटीच प्रदक्षिणा. मी तिकिटाच्या खिडकीपाशी उभा राहून पाहिलंय.

रंभाबाई म्हणाल्या, मागच्या चित्रापाशी उभं राहून पाहिलंय का?

बन्सीलालने नव्हतं पाहिलं. त्याने एक भाकरीचा तवा मागवला, तो उभा धरला आणि फिरवला. तो ज्या बाजूला बसला होता तिथून तवा सुलटा फिरत होता. समोर बसलेल्या केशरबाई म्हणाल्या, उलटा फिरतोय. बन्सीलाल म्हणाला, नीट बघा. केशरबाई म्हणाल्या, नीटच बघतेय. दोघांनी जागा बदलल्या. आता बन्सीलालला उलटा दिसायला लागला आणि केशरबाईंना सुलटा. त्यांनी पुन्हा जागा बदलल्या. तवा त्याच्या पद्धतीने फिरत राहिला. अर्ध्या तासात चाळीचे दोन भाग झाले. काही जण तव्याच्या या बाजूचे, काही त्या बाजूचे, आणि भाऊराव मधे उभा राहून दोन्ही बाजू मोठ्याने सांगत होता.

शेवटी बन्सीलालने तवा खाली ठेवला. कपाळावरचा घाम पुसून तो म्हणाला, की मागच्या देवीच्या बाजूने सगळ्या फेऱ्या उलट्या झाल्यात. पुढच्या बाजूच्या सुलट्या असतील, पण मिसळल्यात. आता निवडता येणार नाहीत.

बायांचे चेहरे उतरले. केशरबाईंची सून पोटुशी होती, त्यांनी कपाळाला हात लावला. भाऊरावने आईला विचारलं, तुझ्या किती झाल्या? सुंदराने आतून सांगितलं, एकशे सव्वीस. तो आकडा भाऊरावने परत उच्चारला तेव्हा पलीकडच्या गल्लीतून कुणीतरी दार उघडून बघितलं.

"आता त्या पाळण्याचं नाव काढायचं नाही," बन्सीलाल म्हणाला. "कुणीच जायचं नाही तिकडे."

हे मात्र रंभाबाईंच्या हिशोबात नव्हतं. देऊळ मोडायचं ठरलं होतं, पण त्यासोबत पाळणाही चालला होता. कुणीतरी उठायला लागलं, तशा त्या बन्सीलालशी नाही, मुलाशी बोलल्या. त्यांनी विचारलं, की तुमच्या खात्यात कापडात आडवा धागा चुकला, तर काय करता? लूमला हात लावायचा नाही असं ठरवता का?

भाऊराव म्हणाला, नाही. लूम बंद करायचं, हाताने उलटं फिरवायचं, आणि चुकलेले धागे एकेक काढत मागे यायचं. जितके चुकले तितके. मग पुढे.

"एकशे सव्वीस चुकनात ते?"

"एकशे सव्वीस काढना पडतीन," भाऊराव म्हणाला. त्याने हे वाक्य आयुष्यभर खात्यात ऐकलं होतं. देवाच्या कामात ते इतकं नेमकं बसेल असं त्याला वाटलं नव्हतं. चाळीत तेरा घरं विणकरांची. सगळ्यांनी माना हलवल्या. हे पोथीत नसलं तरी त्यांच्या हातात होतं.

बन्सीलालला आपल्या हातून गोष्ट निसटताना दिसली, म्हणून तो घाईने म्हणाला, की हेच मी सांगणार होतो. पण उलगडा करताना नियम पाळावे लागतील.

"पाळूत ना," रंभाबाई म्हणाल्या. "सगळं उलटं कराले पाहिजे. उपास करेल व्हता, ते आते पोट भरीसन जानं. डोळा मिटेल व्हतात, ते उघडा ठेवना. तुम्हीच सांगेल शे महाराज, हसं ते फेरी बाद व्हस. आपले ते बादच करनी शेत."

बन्सीलाल स्वतःच्याच नियमात पाय अडकून पडला होता, आणि वरून त्याच्या अंगावर तेरा बाया उभ्या होत्या.

मगनला सांगितलं, पाळणा उलटा फिरव. त्याने इंजिनाच्या पट्ट्याला एक पीळ दिला आणि झालं. इतका वेळ हे कुणी विचारलं का नाही, याचंच त्याला नवल वाटलं. देवीची दोन्ही चित्रं भाईदास शेठने तात्पुरती उतरवून गल्ल्याच्या वर टांगली. आरतीची रेकॉर्डही गेली. मगनने कानातला कापूस काढला.

आठव्या गुरुवारी तेरा बाया पायात चपला घालून, भजी खात आल्या. पाळणा उलटा सुटला. रंभाबाईंनी पदर खांद्यावर घेतला आणि चार आठवड्यांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर काढलं. सुंदरा तर किंचाळायलाच लागली, कारण किंचाळल्याने फेरी दुप्पट बाद होते असं तिने स्वतःच ठरवलं होतं. बन्सीलाल खाली उभा राहून नियमाचं पालन होतंय की नाही ते बघत होता. केशरबाईंना हसायची सवय नव्हती. त्या ओठ घट्ट मिटून खाली आल्या, की तो हात हलवून ओरडायचा, की केशरबाई, तुमची बाद झाली नाही, मोठ्याने हसा, सुनेचा विचार करा. पाचव्या फेरीला केशरबाईंच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. सातव्या फेरीला तो हसण्यासारखा झाला. नवव्या फेरीनंतर त्यांना थांबवता येईना, आणि त्या बन्सीलालकडे बोट दाखवून हसायला लागल्या. नियमाप्रमाणे त्यालाही त्यावर काही म्हणता येत नव्हतं.

एकवीस फेऱ्या उलगडून रंभाबाई खाली उतरल्या. डोळ्यांत पाणी होतं, आणि हातात अर्धं भजं होतं. अजून एकशे पाच शिल्लक. पाच गुरुवार. होळीपर्यंत बरोबर पुरणार होते, वर एक राखीव.

भाऊराव पुढे आला. आज चपला सांभाळायच्या नव्हत्या, त्यामुळे त्याला हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. त्याने एकदा पाळण्याकडे पाहिलं. वरच्या पाळण्यात ती पट्ट्यापट्ट्याच्या पायजम्यातली मुलगी पाय हलवत बसली होती. मग त्याने घसा साफ केला.

"माय, तू थकी जाशी," तो म्हणाला. "आईनं राह्यलं पोरगानं पुरं कराले काय हरकत शे? तुन्या उरेल फेऱ्या मी फिरी टाकस."

मैदानातली भजीवाल्यासकट सगळी माणसं वळून बघायला लागली. रंभाबाईंनी मुलाकडे पाहिलं. त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या, नजर आईवर होती, पण पाय आधीच पाळण्याच्या पायरीकडे वळले होते. चाळीस वर्षांचा बाप्या, आणि देवाचं निमित्त घेऊन आला होता.

त्यांनी उरलेलं भजं तोंडात टाकलं आणि सावकाश चावलं.

"पाच तुले देस," त्या म्हणाल्या. "बाकीन्या मन्या शेत. आणि वर जाईसन चूप बठना ते एकबी धरावू नही."